पदक येण्याआधी एक पावती फाडा

मंडळाचे सर्व आजी-माजी सभासद, हितचिंतक आणि तमाम पंचवटीकर बंधू-भगिनींना स. न. वि. वि.

आपल्या तालमीतल्या एका पळणाऱ्या मुलीच्या वर्षाच्या खर्चासाठी हे पत्रक गडबडीत काढतो आहे. परवाच्या बैठकीला अकरापैकी चारच जण आले, त्यामुळे मजकूर कुणाला दाखवता आला नाही. चूकभूल असेल ती माझी.

तालमीचे कुलूप उघडायच्या आधीच पहाटे पायरीवर बसलेली असते ती मुलगी तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. पेठ तालुक्यातली, पेठ रोडच्या वसतिगृहात राहते, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. नाव मुद्दाम छापलेले नाही. "भाऊ, नाव नका टाकू, हरले तर गावात सगळे वाचतील," असे ती म्हणाली.

दीड वर्षापूर्वी ती कबड्डीसाठी आली होती. वजन अडतीस किलो. "बाळा, आधी जेवत जा, मग ये," म्हणून मीच तिला परत पाठवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. तिसऱ्या दिवशीही. शेवटी वैतागून म्हटले, जा, मखमलाबादच्या कॅनॉल रोडने एक चक्कर मारून ये. वाटले, परस्पर वसतिगृहावर निघून जाईल. माझा चहा संपायच्या आत परत आली म्हणणार नाही, पण पेपर वाचून व्हायच्या आत आली आणि म्हणाली, "अजून एक मारू?" तेव्हाच माझे डोळे उघडायला हवे होते. नाही उघडले. तिच्या कॉलेजचेही नाही. आंतरमहाविद्यालयीन क्रॉसकंट्रीच्या (माळरानावरच्या लांब शर्यतीच्या) संघात तिचे नाव राखीव म्हणून घातले, तेही रकाना रिकामा राहू नये म्हणून. एका मुलीला डेंग्यू झाला आणि आदल्या रात्री हिला निरोप गेला. बूट मैत्रिणीचे, एक नंबर मोठे, पुढे कापूस कोंबलेला. अंतर दहा किलोमीटर. निम्म्यापर्यंत ती कुणाच्या खिजगणतीत नव्हती. मग चढ लागला, आणि पेठच्या डोंगरात वाढलेल्या पोरीला चढाचे काय कौतुक! एकेक करत नऊ जणींना मागे टाकून तिसरी आली. छातीवरचा नंबर मात्र त्या आजारी मुलीच्या नावावर होता. बक्षिसाला माइकवरून तिचेच नाव पुकारत राहिले आणि आपली पोर खाली उभी राहून टाळ्या वाजवत होती.

तिथून विद्यापीठाच्या संघात गेली. अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला निघाली तेव्हा आम्ही म्हणालो, पहिल्या पन्नासात आली तरी पेढे वाटू. ती चौदावी आली. (पेढे अजून वाटलेले नाहीत, हेही खरे.)

नाशिकला पळणाऱ्या मुली नव्या नाहीत. सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरला, म्हणजे ट्रॅकच्या पंचवीस फेऱ्यांना, कांस्य मिळवले. पुढच्याच महिन्यात ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत त्याच अंतराला रौप्य, शिवाय पाच हजारला कांस्य. भोसला मिलिटरी स्कूलच्या मैदानावर विजेंद्र सिंग सरांनी घडवलेली ही मुलगी. संजीवनी जाधवने २०१७ मध्ये भुवनेश्वरला आशियाई पदक घेतले आणि त्याच वर्षी तैपेईला विद्यापीठांच्या जागतिक स्पर्धेत रौप्य. बातमी आली की आपण चौकात फ्लेक्स लावतो, फटाके वाजवतो, आणि ते करावेच. पण पदकाच्या आदल्या चार-पाच वर्षांत त्या पोरी काय खात होत्या, हा प्रश्न आपल्यापैकी किती जणांना पडला होता? मलाही पडला नव्हता.

आता ज्यांनी कधी हात आखडता घेतला नाही, त्यांचे ऋण. नावे छापू नका अशी त्यांची ताकीद आहे, पण ओळखणारे ओळखतील. नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेल्या काकांनी ग्रॅच्युइटीतून तालमीला पत्रे घालून दिले. तोवर पावसाळ्यात आखाड्यातली माती चिखल व्हायची. सराफ बाजारातल्या वहिनींनी सासऱ्यांच्या स्मरणार्थ मल्लखांब दिला. तो उभा करायला आलेला सुतारही मजुरी न घेता गेला. दिंडोरीकडचे द्राक्षवाले दादा दर हंगामात बेदाण्याची पेटी पाठवतात, गारपीट झाली त्या वर्षीसुद्धा पाठवली. तेव्हा आमच्या खजिनदारांनी ती डोळे पुसत उतरवून घेतली होती. आणि भाजी मार्केटमधल्या मावशी! मुलगी पहाटे पळत समोरून गेली की गाडीवरून दोन केळी तिच्या हातात. हिशेबात दाखवायला पावती नाही, म्हणून इथे लिहितो.

बाकी अनुभव वेगळा आहे. गेल्या दिवाळीला आवाहन काढले तेव्हा सात पावत्या फाटल्या. सात! त्यातल्या दोन माझ्या घरच्या. एका कारखान्याच्या ऑफिसात तीन हेलपाटे मारले, प्रत्येक वेळी 'साहेब मीटिंगमध्ये'. चौथ्या वेळी कळले, साहेब क्रिकेटच्या टेनिस बॉल स्पर्धेचे प्रायोजक झाले. क्रिकेटला माझा विरोध नाही, मीही बघतो. पण मनाला लागले.

कशाला एवढे पैसे, पळायला काय लागते, असे विचारणारे भेटतात. आठवड्याला शंभर किलोमीटर पळणाऱ्याचा बूट सहाशे-आठशे किलोमीटरला तळातून दबून बसतो, म्हणजे दोन महिनेही टिकत नाही. बसलेल्या बुटाने पळत राहिले की नडगी धरते. शिवाय लांब पळणाऱ्या मुलींमध्ये लोह कमी पडणे नेहमीचे, हिच्याही रक्तात कमी निघाले. (तिला विचारूनच लिहितो.) आपले डॉक्टर फी घेत नाहीत, पण वसतिगृहाच्या वरणात डाळ शोधावी लागते, त्याला डॉक्टर काय करणार?

वर्षाचा खर्च : बूट ७ जोड ६३,०००, स्पाइक्स (शर्यतीचे खिळ्यांचे बूट) ६,०००, दूध-अंडी-खजूर वगैरे महिना ४,००० प्रमाणे ४८,०००, प्रवास २०,०००, रक्ततपासणी व औषधे ५,०००. एकूण रु. १,४२,०००. जमा ३१,५००, बाकी १,१०,५००. पैसे मंडळाच्या खात्यातच, क्यूआर कोड तालमीच्या फळ्यावर लावला आहे. रोख असल्यास खजिनदारांकडे संध्या. ७ ते ९ (सोमवार बंद), पावती जागेवर. रोख न जमल्यास महिन्याचे दूध किंवा अंडी लावून दिली तरी चालेल. बुटाचा पहिला जोड या महिनाअखेर घ्यायचाच आहे, सध्याच्या जोडाला अंगठ्याशी भोक पडले आहे.

आपला,
सचिव

ता. क. कृपया जुने बूट आणून देऊ नयेत. गेल्या वेळी सतरा जोड आले, सगळे आठ-नऊ नंबरचे. तिचा नंबर चार आहे.