परवाना हातात आल्यावर

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. जड वाहनाचा परवाना हातात आला आणि एका वाहतूक कंपनीने लगेच कामावर रुजू व्हायला सांगितले, हे वाचून आनंद झाला. पण त्यातल्या ‘लगेच’ या शब्दापाशी मी जरा अडखळलो. तू विचारले आहेस की, ज्या धंद्यावर आपले घर उभे राहिले त्याबद्दल बोलताना माझ्या कपाळावर आठ्या का पडतात, आणि ‘हल्लीच्या ड्रायव्हरांत काही राहिले नाही’ असे मी म्हणतो तेव्हा आता त्यात तूही आलास का. विचारलेस ते बरे केलेस, कारण हे वाक्य मी इतक्यांदा बोललो आहे की त्याचा नेमका अर्थ काय, हे स्वतःलाच विचारायचे राहून गेले होते.

आधी कबुली देतो. प्रत्येक जुना ड्रायव्हर नव्याला नावे ठेवतो. माझे उस्ताद आमच्याबद्दल हेच म्हणत, आणि त्यांच्याबद्दलही कोणीतरी म्हणतच असणार. आमच्या वेळच्या गाड्या हळू चालत, रस्ते मोकळे असत, त्यामुळे आमच्या कित्येक चुका कोणाच्या जिवावर न उठता पचून गेल्या. तेव्हा आम्ही जात्याच शहाणे होतो असे मी म्हणणार नाही. मात्र एक गोष्ट आमच्याकडे होती आणि आता नाही, ती म्हणजे शिकायला मिळणारा वेळ.

मी पहिली दोन वर्षे क्लीनर म्हणून काढली. त्या काळात भरलेल्या गाडीचे स्टिअरिंग माझ्या हाती आले नाही. आले ते काच पुसण्याचे फडके, ताडपत्रीचे दोर आणि एक लोखंडी सळई. गाडी थांबली की त्या सळईने प्रत्येक टायर ठोकायचा आणि आवाज ऐकायचा. जोडचाकातल्या आतल्या टायरची हवा गेली असेल तर बाहेरून काही दिसत नाही, कारण बाहेरचा टायर सगळे वजन उचलून धरतो. आतला मात्र दबत, घासत, तापत जातो आणि कधी कधी पेटतोसुद्धा. भरलेला टायर सळई परत फेकतो, बसलेला टायर आवाज गिळतो. हा फरक कानाला कळायला मला काही महिने लागले. बाजूच्या सीटवर बसून मी तासन् तास उस्तादांचे पाय पाहत असे. उतार सुरू होण्याच्या किती आधी ते गिअर खाली घेतात, वळणापूर्वी वेग कमी करतात की वळणात शिरल्यावर, हे कोणी शब्दांत सांगितले नाही. पुढे मालकांनी क्लीनरचा पगार वाचवायला सुरुवात केली आणि ती बाजूची सीट रिकामी झाली. वाचलेला पगार हिशेबाच्या वहीत दिसला, पण त्या सीटबरोबर शाळाही बंद झाली, याची नोंद कोणत्याच वहीत झाली नाही.

मागच्या महिन्यात एका लांब उतारावर माझ्या पुढे एक ट्रेलर चालला होता. त्याच्या मागच्या चाकांतून निळसर धूर येत होता. मी हॉर्न देत, दिवे मारत त्याला सपाटीवर कसाबसा थांबवला. ड्रायव्हर तुझ्याच वयाचा होता, बोलायला नम्र, अगदी चांगला मुलगा. गाडी न्यूट्रलमध्ये सोडून तो केवळ ब्रेकवर उतरत होता. कारण विचारले तर म्हणाला, “काका, डिझेल वाचतं.” डिझेल वाचवले तर बक्षीस, अशी त्याच्या कंपनीची रीत होती. मी त्याला तिथेच सांगितले, तेच तुलाही सांगतो. आजच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून पाय उचलला की डिझेलचा पुरवठा जवळजवळ बंद होतो आणि चाकेच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनाला स्वतः चालू राहण्यासाठी डिझेल जाळावेच लागते. म्हणजे वाचत काहीच नाही, उलट इंजिनाची रोखून धरण्याची ताकद तेवढी हातची जाते. मग सगळा भार ब्रेकवर येतो. चाकातला ब्रेकचा ड्रम तापला की फुगतो, त्याला आतून घासून चाक रोखणाऱ्या लायनरपासून दूर सरकतो, तापलेल्या लायनरची पकडही कमी होते, आणि पाय पूर्ण दाबूनही गाडी थांबत नाही. पुष्कळजण ‘ब्रेक फेल झाला’ म्हणतात तेव्हा यंत्रात काही तुटलेले नसते. ब्रेक वरपासून खालपर्यंत शिजवलेला असतो. त्या मुलाला हे कोणीच सांगितले नव्हते. रुजू झाल्यापासून तिसऱ्या दिवशी त्याच्या हाती भरलेली गाडी दिली होती. परवान्याची परीक्षा त्याने रिकाम्या गाडीवर, दिवसाउजेडी, सपाट मैदानात दिली होती, आणि मला वाटते तूही तशीच दिली असशील.

वेगाचे गणित तुला शाळेत शिकवले आहे, पण ते चाळीस टनांना लावून पाहा. ताशी ६० किलोमीटरवरून ८० वर गेलास की वेग एक तृतीयांशाने वाढतो, पण गाडीतली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे पावणेदोन पटींहून थोडी जास्त होते. ती सगळी ब्रेकला उष्णता करून बाहेर टाकायची असते. त्यात एअर ब्रेकची हवा नळ्यांतून शेवटच्या चाकापर्यंत पोहोचायला क्षणभर वेळ घेते, तो क्षण मोटारगाडी चालवणाऱ्याच्या हिशेबात नसतो. ताशी ८० वर गाडी एका सेकंदात बावीस मीटर पुढे जाते. मोबाइलवर पाच सेकंद नजर टाकलीस तर शंभर मीटरांहून अधिक रस्ता तू न बघता कापलास.

मालाच्या बाबतीत मी स्वतः पोळलो आहे. एकदा लोखंडी पाइप भरले होते. भरणारे म्हणाले, एवढा जड माल जागचा हलणार नाही, आणि मलाही ते पटले, कारण मला निघण्याची घाई होती. पुढे एक जनावर आडवे आले, मी ब्रेक दाबला आणि गाडी थांबली, पण पाइप थांबले नाहीत. दोन पाइप पुढची फळी फोडून केबिनच्या पाठीला येऊन भिडले, माझ्या मानेपासून हातभर अंतरावर. जड माल हलत नाही, ही समजूत आपल्या धंद्यातली सर्वांत जुनी आणि सर्वांत खोटी समजूत आहे. वजन जेवढे अधिक, तेवढा पुढे जाण्याचा त्याचा जोरही अधिक. युरोपातल्या मानकाप्रमाणे बांधणी अशी हवी की पुढच्या दिशेने मालाच्या वजनाच्या ८० टक्के आणि बाजूंना व मागे ५० टक्के जोर ती पेलू शकेल. साखळ्या कोणीही लावलेल्या असोत, स्वतः ओढून पाहिल्याशिवाय आणि थोडे अंतर गेल्यावर थांबून पुन्हा ताणल्याशिवाय मी आता पुढे जात नाही. टँकर मिळाला तर हेही ध्यानात ठेव की अर्धा भरलेला टँकर पूर्ण भरलेल्यापेक्षा वळणावर अधिक दगा देतो, कारण आतले पाणी तुझ्या मागून वळते.

आता झोपेचे. जी गोष्ट मी घरी कधी बोललो नाही ती इथे लिहितो. तू लहान होतास तेव्हा एका पहाटे गाडीची डावी चाके कच्च्या साइडपट्टीवर खडखडली आणि मला जाग आली. डोळे उघडेच होते असे मला वाटत होते. मागचा बराच रस्ता मला आठवतच नव्हता. गाडी बाजूला घेतली आणि हात थरथरत होते म्हणून अर्धा तास तसाच बसून राहिलो. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असे दिसले होते की सलग सतरा तास जागा राहिलेला माणूस, रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतका मंदावतो. त्या पहाटे मी सतरा तासांच्याही पुढे गेलो होतो आणि तोंडाला थेंबही लावलेला नाही याचा मला अभिमान वाटत होता.

पण मी इतका वेळ जागा का होतो, हेच या पत्रात मला मुख्यतः सांगायचे आहे. आदल्या दिवशी मी गाडी चालवत नव्हतो. दिवसभर एका गोदामाच्या फाटकाबाहेर माल उतरण्याची वाट पाहत होतो. त्या वाट पाहण्याचे पैसे मिळत नव्हते, कारण आमच्याकडे चाक फिरले तरच पैसे. तो दिवस भरून काढायचा तर रात्र उरली होती. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९७९ साली केलेल्या १५३ क्रमांकाच्या करारात सलग चार तासांहून अधिक वाहन चालवू नये, दिवसाला नऊ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा असावी आणि रोज सलग दहा तास विश्रांती मिळावी, असे म्हटले आहे. मोजक्याच देशांनी तो करार स्वीकारला. कायद्याने असे तास बांधले तरी पगार खेपेवर असला की ड्रायव्हर स्वतःच तो कायदा चुकवण्याच्या वाटा शोधतो. मीही शोधल्या आहेत. ड्रायव्हर मिळत नाहीत, अशी मालकांची ओरड असते. मी पाहिलेले चांगले ड्रायव्हर या फाटकाबाहेरच्या तासांना कंटाळून एकेक करून निघून गेले. त्यांच्या जागी घाईने माणसे भरावी लागतात, घाईने भरलेल्यांना शिकवायला जुने कोणी उरत नाही, आणि मग आम्ही चहा पिताना म्हणतो की हल्लीची पोरे बेफिकीर आहेत. उतारावर भेटलेला तो मुलगा बेफिकीर नव्हता. त्याला शिकवणे ज्यांचे काम होते त्यांनी ते केले नव्हते, आणि त्यांत मीही एक आहे, कारण गेल्या दहा वर्षांत मी कोणालाही माझ्या बाजूला बसवलेले नाही.

नव्या गाड्यांतल्या आपोआप बदलणाऱ्या गिअरला आणि पुढे अडथळा दिसताच ब्रेक लावणाऱ्या यंत्रणेला मी नावे ठेवणार नाही. माझा डावा गुडघा त्या गिअरचा ऋणी आहे. पण टायर बसला आहे का, माल सुटला आहे का, हे त्या यंत्रणा सळईने ठोकून पाहत नाहीत.

तेव्हा कंपनीला उत्तर देण्यापूर्वी त्यांना विचार की पहिले काही महिने अनुभवी ड्रायव्हरबरोबर पाठवणार का, आणि पाठवणार असतील तर त्या ड्रायव्हरला शिकवण्याचे काही देणार का, की तो तुला ओझे समजेल. थांबून राहावे लागले तर त्या तासांचे काय, हेही विचार. गाडीत दोष दिसला म्हणून तू निघायला नकार दिलास तर पुढे काय होते, हा प्रश्न मात्र साहेबांना विचारू नकोस. फाटकावर उभ्या असलेल्या त्यांच्या जुन्या ड्रायव्हरला विचार. उत्तरे मनासारखी आली नाहीत तर नाही म्हण. हे काम मी एवढी वर्षे केले ते नाइलाजाने केले असे तुला वाटू नये. भरलेली गाडी लांब उतारावरून ब्रेकला जेमतेम पाय लावून खाली आणली की आजही मला जे वाटते ते दुसऱ्या कशाने वाटलेले नाही, आणि ते तुझ्या वाट्याला यावे असे मला मनापासून वाटते.

कंपनी काहीही म्हणो, पुढच्या आठवड्यात मी दोन लांबच्या खेपा घेतल्या आहेत आणि बाजूची सीट रिकामी आहे. तू ये. पहिल्या खेपेला तुला स्टिअरिंग मिळणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. सळई माझ्याकडे आहे, तीच जुनी. येताना जाड हातमोजे तेवढे घेऊन ये. माझे फाटले आहेत आणि साखळ्या तुलाच ओढायच्या आहेत.

तुझे,
बाबा