फेब्रुवारीच्या भटकंतीत वार आणि भरतीही छापा

महोदय,

फेब्रुवारीत मुंबईत काय पाहावे, याच्या याद्या छापून येतात. पण कोणत्या वारी जाऊ नये, हे त्यात क्वचितच असते. घारापुरीची लेणी आणि बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद असते, राणीची बाग बुधवारी. म्हणजे सोमवारी उद्यानातली कान्हेरी लेणीही नाहीतच.

खरा घोळ रोहित पक्ष्यांचा (फ्लेमिंगोंचा). ठाणे खाडीत सुट्टीची सोय बघून गेलात तर नुसता चिखल दिसेल आणि क्षितिजावर एक गुलाबी रेघ. ओहोटीला पक्षी चिखलात शेवाळ टिपत दूरवर पांगतात. पाणी चढू लागले की काठाकडे सरकतात, पूर्ण भरतीला चिखल बुडाला की विसाव्याला दुसरीकडे उडतात. त्यामुळे काठावरून पाहायचे तर भरतीआधी दोनेक तास पोहोचावे. ऐरोलीची बोटफेरीही भरती पाहूनच सुटते. भरती रोज साधारण 50 मिनिटे पुढे सरकते, त्यामुळे गेल्या रविवारची वेळ या रविवारी चालत नाही. दुर्बीण 8×42 (आठपट मोठे दाखवणारी, 42 मिमी भिंगाची) पुरे. भडक कपडे मात्र नकोत.

यादीशेजारी भरतीचा एक छोटा तक्ता छापाल का?

— एक वाचक, मुलुंड