‘सर्व्हर डाऊन’ छापण्याआधी डीएनएस बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात जिल्ह्याच्या पानावर बातमी होती, एका संस्थेची वेबसाईट दोन दिवस उघडत नव्हती म्हणून लोकांचे हाल झाले, आणि हेडिंग होतं ‘सर्व्हर डाऊन’. आत कारण काय तर ‘तांत्रिक अडचण’, बस्स. मी तालुक्याच्या गावात बरीच वर्षं डोमेन (म्हणजे साईटचं नोंदवलेलं नाव), वेबसाईट, ईमेल ही कामं करतो. त्या दिवशी दुकानात बसल्या बसल्या मी तपासलं तर सर्व्हर छान चालू होता, आयपी नंबर (सर्व्हरचा आकडी पत्ता) टाकला की उत्तर देत होता, फक्त नाव टाकलं की सापडत नव्हता. म्हणजे सर्व्हरला काहीच झालेलं नव्हतं, घोटाळा डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या व्यवस्थेत होता.

तुम्ही म्हणाल लोकांना साईट उघडत नाही एवढंच कळतं, मग सर्व्हर म्हणा नाहीतर डीएनएस म्हणा, काय फरक पडतो. पडतो हो, आणि मी तो डोळ्यांनी बघितलाय म्हणून हे पत्र लिहायला बसलो.

जून २०२५ ची गोष्ट. आमच्या भागातलं एक कॉलेज आहे, नाव लिहीत नाही. पहिल्या वर्षाच्या प्रवेशाचे ऑनलाईन अर्ज सोमवारी १६ तारखेपासून सुरू होणार होते म्हणून रविवारी साईट जुन्या सर्व्हरवरून नव्या मोठ्या सर्व्हरवर हलवली. सोमवारी कॉलेजच्या वायफायवर सगळं व्यवस्थित. पण गावोगावहून फोन सुरू झाले, कुणाला साईट उघडतेय पण फॉर्म वेगळाच दिसतोय, कुणाला तासापूर्वी भरलेला फॉर्म आता सापडत नाही, कुणाच्या मोबाईलवर एक आणि शेजारच्याच्या मोबाईलवर दुसरं. ऑफिसातून प्रत्येकाला एकच उत्तर, आमच्याकडे तर चालतंय, तुमचंच नेट बघा. मंगळवारी गर्दी वाढली तसं कुणीतरी म्हणालं सर्व्हर डाऊन आहे, लोड झेपत नाही. झालं, तोच शब्द धरून बसले, सर्व्हर दोनदा रिस्टार्ट केला, मग पैसे भरून आणखी मोठा प्लॅन घेतला, आणि तक्रारी होत्या तिथंच. दोन दिवस गेले आणि पैसेही गेले.

बुधवारी मला बोलावलं. खिडकीपाशी एक मुलगी वडिलांबरोबर उभी होती, हातात फॉर्म भरल्याच्या पावतीची प्रिंट, घडी घालून घालून मधोमध फाटायला आलेली. क्लार्क म्हणत होते या नंबरचा अर्जच नाही आमच्याकडे, आणि ती म्हणत होती सर मी सोमवारीच भरलाय, ही बघा तारीख. तारीख बरोबर होती. पण पावतीच्या वरच्या कोपऱ्यात छापलं होतं, शैक्षणिक वर्ष २०२४-२५. म्हणजे पोरीनं फॉर्म यंदाच भरला होता पण तो जाऊन पडला होता गेल्या वर्षीच्या सर्व्हरवर, जो बंद करायचा राहून गेला होता. इंटरनेट तिला जुन्या पत्त्यावर नेऊन सोडत होतं आणि तिला कळायला काही मार्गच नव्हता.

इथं थोडं समजावून सांगतो. आपण साईटचं नाव टाइप करतो तेव्हा आधी त्या नावाचा आकडी पत्ता शोधला जातो, ते काम डीएनएसचं. ही व्यवस्था पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडली आणि आज जगातली जवळपास प्रत्येक साईट, प्रत्येक ईमेल त्यावर चालते. प्रत्येक नावाची नोंद किमान दोन सर्व्हरवर ठेवायची पद्धत आहे, एक प्रायमरी, दुसरा सेकंडरी, म्हणजे एक बंद पडला तर दुसरा सांगेल. बदल प्रायमरीवर करायचा आणि सेकंडरी तो स्वतःहून उतरवून घेतो. आपल्या जमिनीच्या फेरफारासारखंच समजा, एका दप्तरात नवीन मालकाचं नाव चढलं आणि दुसऱ्या दप्तरात जुनंच राहिलं, तर विचारणारा ज्या खिडकीवर जाईल त्याप्रमाणे त्याला उत्तर मिळणार. कॉलेजचं नेमकं हेच झालं होतं.

मी लॅपटॉप उघडला आणि ‘डिग’ नावाची कमांड चालवून दोन्ही सर्व्हरना वेगवेगळं विचारलं, तुझ्याकडच्या नोंदीचा सिरियल नंबर काय. (डिग फुकट असते, लिनक्सवर चालते, डीएनएसचं काम करणाऱ्या माणसाला ती यायलाच पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.) पहिला म्हणाला २०२५०६१५०३. दुसरा म्हणाला २०४२०६१००१. मी दोनतीनदा वाचलं तेव्हा कुठं लक्षात आलं. हा नंबर वर्ष, महिना, दिवस आणि त्या दिवशीचा कितवा बदल असा लिहायची पद्धत आहे. आदल्या वर्षी १० जूनला कुणीतरी २०२४ च्या जागी २०४२ टाइप केलं होतं, दोन आकडे उलटसुलट, बाकी काही नाही. सेकंडरीनं तो नंबर इमानदारीत उतरवून घेतला. नंतर कुणीतरी प्रायमरीवर चूक सुधारली आणि काम झालं असं समजून मोकळा झाला. पण सेकंडरी फक्त एवढंच बघतो की समोरचा नंबर माझ्यापेक्षा मोठा आहे का, आणि २०४२ पेक्षा २०२५ लहानच, त्यामुळं त्यानं वर्षभरात एकही बदल घेतला नाही. लॉगमध्ये (सर्व्हर काय घडलं ते ज्यात लिहितो त्या फाईलमध्ये) त्यानं रोज लिहून ठेवलं होतं, आलेला नंबर माझ्याकडच्यापेक्षा लहान आहे. ते लॉग वर्षभरात कुणी उघडलंच नव्हतं.

आता दुरुस्ती. सेकंडरी आमच्या ताब्यात असता तर त्याची जुनी फाईल काढून टाकून चालू केला असता, पाच मिनिटांचं काम. पण तो दुसऱ्या कंपनीकडे आणि त्यांचा फोन कुणी उचलेना. तेव्हा दुसरा रस्ता धरला. हे सिरियल नंबर घड्याळासारखे गोल फिरतात, ४२९४९६७२९५ नंतर परत शून्य येतं, आणि एका वेळी जास्तीत जास्त २१४७४८३६४७ एवढी उडी मारली तर ती पुढचीच धरतात. म्हणून २०४२०६१००१ मध्ये तेवढे मिळवून प्रायमरीवर ४१८९५४४६४८ टाकलं, सेकंडरीनं ते उतरवून घेतलं याची डिगनं खात्री केली, आणि मग २०२५०६१८०१ टाकलं. हा आता गोल फिरून ‘पुढचा’ ठरला आणि सेकंडरीनं तोही घेतला. दोन्हीकडे एकच नंबर दिसला तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

तरी काम संपलं नव्हतं. नोंदीचा टीटीएल (मिळालेलं उत्तर किती वेळ जपून ठेवायचं ती मुदत) ८६४०० सेकंद ठेवलेला, म्हणजे ज्यांना जुना पत्ता एकदा मिळालाय त्यांच्या नेटवाल्याच्या सर्व्हरवर तो पूर्ण चोवीस तास राहू शकतो. एरवी साईट हलवायच्या एकदोन दिवस आधीच तो ३०० वर आणला की सगळं पाच मिनिटांत आटोपतं, पण इथं अडकलेल्या सेकंडरीनं तो बदलही घेतला नसता. मग जुन्या सर्व्हरवरचा फॉर्म बंद करून तिथं सूचना लावली, तिथं पडलेले शंभरावर अर्ज काढून कॉलेजला दिले, त्यात त्या मुलीचाही होता. आणि दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी, ‘सर्व्हर डाऊनमुळे प्रवेश प्रक्रिया विस्कळीत’. आपल्या पेपरात नव्हती ती, हे खरं आहे. पण वाचणाऱ्या प्रत्येक प्राचार्यानं आणि चेअरमननं त्यातून काय घेतलं असेल तर मोठा सर्व्हर घ्यायला पाहिजे.

चुका मोठ्या लोकांच्याही होतात. स्वीडनमध्ये १२ ऑक्टोबर २००९ च्या रात्री देशाच्या ‘डॉट एसई’ नोंदवहीत प्रत्येक नावाच्या शेवटी लागणारा एक टिंब स्क्रिप्टमधून गळाला आणि त्याखालची सुमारे ९ लाख नावं एकाच वेळी बिघडली. तो टिंब नसला की सर्व्हर नाव अर्धवट आहे असं समजून त्यामागं स्वतःचं नाव परत जोडतो. माझ्याकडे महिन्यातून एकदा तरी अशी केस येते, ईमेलच्या नोंदीत टिंब विसरलेला असतो, मग ‘मेल डॉट संस्था डॉट इन’ चं होतं ‘मेल डॉट संस्था डॉट इन डॉट संस्था डॉट इन’, आणि लोक महिनाभर म्हणत राहतात की मेल पोचत नाहीत. ४ ऑक्टोबर २०२१ ला आपल्याकडे रात्री नऊनंतर व्हॉट्सअॅप आणि फेसबुक सहाएक तास बंद होतं ते सगळ्यांना आठवत असेल, तेव्हा त्यांच्या नेटवर्कच्या देखभालीत एक कमांड चुकली आणि नाव सांगणारे सर्व्हरच जगाला दिसेनासे झाले. ऐन दिवाळीत २० ऑक्टोबर २०२५ ला अॅमेझॉनच्या व्हर्जिनियातल्या केंद्रात दोन ऑटोमॅटिक प्रोग्रॅम एकमेकांच्या आड आले आणि एका महत्त्वाच्या नावाची नोंद चक्क रिकामी झाली, त्यावर असलेल्या कितीतरी सेवा आडव्या झाल्या. पण या तिन्ही वेळी त्यांनी नंतर काय चुकलं, कसं चुकलं हे सविस्तर लिहून प्रसिद्ध केलं. आपल्याकडे ‘तांत्रिक अडचण’ म्हटलं की विषय संपतो, आणि पुढच्या जूनमध्ये तीच चूक दुसऱ्या कॉलेजात होते.

आणि हे आता वाढणार आहे. रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ नावावर जायला सांगितलं, त्यात आपल्या नागरी सहकारी बँकाही आल्या. लोक ‘डॉट भारत’ वर मराठीतून नावं घेतायत, चांगलंच आहे, पण झोन फाईलमध्ये (नावाच्या नोंदी जिथं लिहितात त्या फाईलमध्ये) देवनागरी अक्षरं तशीच लिहून भागत नाही, त्या नावाचं ‘एक्सएन’ नं सुरू होणारं रूप टाकावं लागतं, आणि हे न सांगितल्यामुळं घेतलेली नावं पडून राहिलेली मी बघितली आहेत.

माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे, अशी बातमी येईल तेव्हा आपल्या प्रतिनिधीनं संस्थेला दोनतीन प्रश्न विचारावेत. डोमेन कुणाच्या नावावर आहे आणि त्याचा लॉगिन आज कुणाकडे आहे, नावाची नोंद कुठल्या सर्व्हरवर आहे, आणि तिथले सगळे सर्व्हर एकच उत्तर देतात का. आमच्या या कॉलेजात मी हेच विचारलं तेव्हा कळलं की डोमेनच्या खात्यावरचा ईमेल तीन वर्षांपूर्वी रिटायर झालेल्या हेडक्लार्कचा होता आणि मुदत संपायची नोटीस त्यांच्याच इनबॉक्समध्ये जात होती. त्यांच्या घरी जाऊन, चहा घेऊन, त्यांच्याकडून पासवर्ड बदलून घेतला तेव्हा मुदत संपायला अकरा दिवस उरले होते.

आपल्या प्रतिनिधींना डिग चालवून बघायला शिकायचं असेल तर संध्याकाळी सातनंतर मी दुकानात असतो, पैसे नकोत. अर्ध्या तासात येतं.

आपला,
नेहमीचा एक वाचक
(डोमेन व वेबसाईट दुरुस्ती व्यवसाय, जि. सांगली)