कच्चे ड्रॅगन फ्रूट बाजारात येऊ देऊ नका : कृषिमंत्र्यांना खुले पत्र

मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांना
सप्रेम नमस्कार.

सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातून हे पत्र लिहीत आहे. आमच्याकडे आधी तेल्या रोगाने आणि मग खोडकिड्याने डाळिंबाच्या बागा उपटायला लावल्या. त्यातल्या कितीतरी रानांत आज सिमेंटचे खांब, त्यावर रिंगा आणि रिंगांवरून खाली लोंबणारे ड्रॅगन फ्रूटचे फुटवे दिसतात. निवडुंगाच्या कुळातली ही वेल हलक्या मुरमाड जमिनीत, ठिबकच्या थोड्या पाण्यावर तग धरते. आमच्यासारख्यांना त्यात आशा दिसली. हेक्टरी 4 लाख रुपये खर्च धरून 1 लाख 60 हजारांचे अनुदान तीन वर्षांत देण्याची योजना शासनाने आणली, तिचाही मोठा आधार झाला. जून 2021 मध्ये आमच्याच जिल्ह्यातल्या तडसरचा माल दुबईला गेला, तेव्हा आम्हा सगळ्यांनाच हुरूप आला होता.

हे सगळे मान्य करूनच एक गोष्ट आपल्या कानावर घालायची आहे. आज बाजारात येणाऱ्या ड्रॅगन फ्रूटमधला बराचसा माल कच्चा असतो. लागवड अशीच वाढत राहिली आणि याकडे कुणी लक्ष दिले नाही, तर या पिकाचे गिऱ्हाईकच तुटेल.

हे फळ वेलीवरून काढले की त्याची गोडी तिथेच थांबते. आंब्यासारखी अढी घालून ते पिकवता येत नाही. घरी चार दिवस ठेवले तर साल सुरकुतते, गर मऊ पडतो, पण साखर वाढत नाही. त्यातून फसगत अशी, की साल आधी लाल होते आणि गोडी मागून भरते. रंग फिरायला लागला की चार-पाच दिवसांत हिरवे फळ पूर्ण लाल दिसते, आणि शेवटचे हेच दिवस सर्वांत मोलाचे असतात. पण हंगामाच्या तोंडाला दर चढा असतो, लांबच्या बाजाराला टणक माल हवा असतो, पाऊस लागून राहिला तर फळ तडकायची भीती असते. व्यापारी बागेवर येऊन म्हणतो, ‘उद्याच तोडा, गाडी भरायची आहे.’ शेतकरी तोडतो. त्याच्या डोक्यावर कर्ज आहे, मी त्याला दोष देणार नाही.

मग पुण्या-मुंबईत एखादी गृहिणी मुलांसाठी हौसेने एक फळ घेते. कापते, चमच्याने चाखते, तर नुसते पाणी. ती म्हणते, दिसायला सुंदर, चवीला काही नाही. पुन्हा ती त्या गाड्यासमोर थांबत नाही. तिने वेलीवर पिकलेले लाल गराचे फळ कधी खाल्लेलेच नसते. ते गार करून उभे चिरले की बोटे-जीभ रंगून जातात, मधल्या गराची गोडी कडेपेक्षा जास्त लागते, आणि बारीक काळ्या बिया दाताखाली येतात. माझ्या घरातली लहान मुले ते रोज मागून खातात, साखर न घालता.

पावसाळ्यात आणखी एक प्रकार चालतो. डेंग्यूच्या रुग्णाच्या रक्तातल्या पेशी (प्लेटलेट) वाढतात म्हणून हे फळ औषधासारखे विकले जाते. त्या समजुतीला भक्कम वैद्यकीय पुरावा नाही. आम्हा उत्पादकांनाही असे गिऱ्हाईक नको आहे. तापातून उठलेला माणूस पुन्हा कशाला येईल? आवडीने खाणारा माणूसच दर वर्षी परत येतो.

साहेब, सफेद मुसळी या औषधी वनस्पतीच्या लागवडीच्या आणि इमू पक्षी पाळण्याच्या वेळी काय झाले ते या राज्यातल्या शेतकऱ्याने सोसले आहे. लावणाऱ्यांची संख्या वाढत गेली, घेणाऱ्यांचा विचार कुणी केला नाही. ड्रॅगन फ्रूटची गोष्ट तशी होऊ नये, कारण याला खाणारा आहे. त्याला चांगले फळ मिळाले पाहिजे, एवढेच. आज अनुदानाचा पुढचा हप्ता झाडे किती जगली यावर ठरतो. त्या झाडांचे फळ कसे निघते, हे मात्र कुठल्याच कागदावर विचारलेले नाही.

उपाय अवघड नाही, आणि तो या पिकाच्या स्वभावातच आहे. ड्रॅगन फ्रूटचे फूल एकाच रात्री उमलते आणि सकाळी ऊन चढले की मिटते. बागेत फुले लाटेलाटेने येतात, त्यामुळे कुठल्या तोड्याचे फूल कुठल्या तारखेचे, हे शेतकऱ्याला नेमके सांगता येते. तिथून साधारण 30 ते 35 दिवसांत फळ तयार होते. वाण आणि उष्णतेप्रमाणे त्यात फरक पडतो. तो फरक आपल्या भागासाठी ठरवून द्यायला बारामतीजवळ माळेगावला राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे, राहुरीचे कृषी विद्यापीठ आहे. प्रत्येक क्रेटवर फुलाची आणि तोडणीची तारीख लिहिणे बंधनकारक करा. पणन खात्याला सोबत घेऊन पुणे आणि वाशीच्या बाजार समितीत नमुन्याची साखर मोजायची सोय करा. तासगावच्या द्राक्षपट्ट्यात व्यापारी बागेत आला की आधी साखर बघतो, मग दर बोलतो. साखर मोजायचे तेच मीटर इथेही चालते. या फळाचे कोडेक्स, म्हणजे अन्नपदार्थांच्या दर्जाचे आंतरराष्ट्रीय मानक 2003 पासून आहे आणि त्यात फळ योग्य प्रमाणात पिकलेले असण्याची अट आहे. परदेशी गिऱ्हाइकाला जे मिळते, ते आपल्या माणसाला का मिळू नये?

गोड मालाला वेगळा दर मिळायला लागला, की शेतकरी आपणहून चार दिवस थांबेल. आज थांबणाऱ्याला आणि घाई करणाऱ्याला एकच भाव मिळतो.

मे-जूनमध्ये पहिली फुले लागतात आणि पुढच्या महिन्याभरात पहिला तोडा निघतो. त्याआधी बाजार समित्यांना आदेश गेला, आणि तालुक्याच्या कृषी कार्यालयांत वाणानुसार दिवसांचा तक्ता लागला, तर याच हंगामापासून सुरुवात करता येईल. पहिल्या वर्षी दंड नको, फक्त तारखा लिहून घ्या.

आपला नम्र,
सांगली जिल्ह्यातील एक ड्रॅगन फ्रूट उत्पादक