ब्रुअरी किती उघडल्या ते मोजलंत, पैसा कुठनं येतो तेही विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या पुरवणीत पुण्यातल्या क्राफ्ट ब्रुअरींवर, म्हणजे छोट्या प्रमाणात ताजी बीअर बनवणाऱ्यांवर, अख्खं पान आलं होतं, फोटो झकास होते, पण वाचताना सारखं वाटत होतं की लिहिणारा पुढच्या दाराने आत गेला, ग्लास समोर ठेवला आणि तिथूनच परत आला. आमचा धंदा मागच्या दाराचा आहे म्हणून हे पत्र. भोसरी एमआयडीसीत आमचं फॅब्रिकेशनचं छोटं युनिट आहे, आधी फक्त दूध डेअरीच्या टाक्या करायचो, आता बीअरच्या पण करतो. आई अजूनही नातेवाइकांना मुलगा दुधाच्या टाक्या बनवतो एवढंच सांगते, आणि तसं ते खोटं नाहीये, स्टील तेच ३०४ ग्रेडचं, वेल्डिंग तेच, फक्त आतला माल वेगळा.

लेखात इतिहास बरोबर दिलाय. २००९ ला डूलालीने कोरिंथियन्स क्लबमध्ये सुरुवात केली, २०१४ ला मुंढव्यात इंडिपेंडन्स ब्रुइंग कंपनी आली, कोरेगाव पार्कात एफिनगट, मग बंगळुरूची टॉइट येऊन कल्याणीनगरात बसली, सगळं खरं. पण हे सगळे एकाच यादीत टाकून "ब्रुअरी बूम" म्हणून मोकळं झालं की मुद्दा हातचा जातो, कारण ह्यातला कोण बीअर विकून जगतो आणि कोण जागा विकून जगतो हे वाचकाला कळतच नाही.

आता हिशोब बघा, ढोबळच सांगतो. पहिला प्रकार ब्रूपबचा, म्हणजे बीअर जिथे बनते तिथेच ग्लासात विकायची. साधारण ब्रूपबमध्ये ५०० लिटरच्या टाक्या असतात. एका टाकीला माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं जव, लागतं शंभर किलोच्या आसपास, हॉप्स, म्हणजे कडवटपणा आणणारी फुलं, तर लिटरमागे काही ग्रॅमच, तेही बाहेरून येतात, जर्मनी अमेरिकेतून, चांदीच्या पुड्यात पॅक होऊन. एल प्रकारची बीअर असली, म्हणजे ते व्हीट, पेल एल वगैरे, तर १८-२० डिग्रीला आठवड्याभरात फसफसून होते, नंतर थंड करून बसवायला अजून आठ-दहा दिवस, म्हणजे टाकी दोन-तीन आठवड्यांत मोकळी. लागर करायची तर १० डिग्रीच्या आसपास फसफसवून मग आणखी थंड ठेवावी लागते, पाच-सहा आठवडे टाकी अडकून पडते. म्हणून तर ब्रूपबच्या मेनूत पाच-सहा एल आणि लागर एखादीच, लोकांना वाटतं ब्रूमास्टरची आवड आहे, अहो टाकीचं भाडं निघालं पाहिजे ना.

तर ५०० लिटरमधून गळती, फेस, टाकीच्या तळाचा गाळ सगळं धरून तेराशे-चौदाशे ग्लास निघतात, ग्लास चारशेच्या आसपास धरला तर साडेपाच लाख होतात. ऐकायला भारी वाटतं. पण ते शुक्रवार, शनिवार, रविवारचे ग्लास आहेत, सोमवार ते बुधवार टेबलं रिकामी असतात आणि भाडं, चिलरची वीज, पगार तीसही दिवस चालू असतात. मग मालक काय करतो, किचन मोठं करतो, गच्चीवर लाईट लावतो, मॅच दाखवतो, लग्नाआधीच्या पार्ट्या घेतो. शेवटी बीअर ही दारावरची पाटी उरते आणि गल्ल्यात पैसा येतो जेवणाचा आणि कॉकटेलचा. मी वाईट म्हणत नाही, धंदा आहे, पण त्याला ब्रुअरीची वाढ म्हणायचं की हॉटेलची हे ठरवा.

एक किस्सा सांगतो, नाव नाही घेत. एका पार्टीने टाक्यांची ऑर्डर दिली, त्यातल्या दोन काचेमागे पुढच्या बाजूला ठेवायच्या होत्या, तर म्हणाले बाहेरून आरशासारखं बफिंग पाहिजे, सेल्फीत चेहरा दिसला पाहिजे. ठीक, केलं, पोरगं दोन दिवस बफिंगचं व्हील घेऊन काळंकुट्ट झालं होतं. आणि त्याच कोटेशनमध्ये टाकीला थंड ठेवणारं बाहेरचं कूलिंग जॅकेट कमी करायला सांगितलं, म्हणे खालचा भाग थंड होतो की, वर कशाला. आता ज्याला माहितीये त्याला कळेल, फर्मेंटेशन सुरू झालं की टाकी स्वतःच तापते, पुण्यात एप्रिलमध्ये तर विचारूच नका, आणि वरच्या जॅकेटमध्ये ग्लायकॉलचं गार पाणी फिरलं नाही तर यीस्ट पिसाळतं आणि बीअरला थिनरसारखा वास मारतो. मी नाही म्हणालो, शेवटी जॅकेट पूर्ण बसवलं, पण बफिंगचे पैसे लगेच आले आणि जॅकेटचे अजून यायचेत.

दुसरा प्रकार म्हणजे स्वतःचं हॉटेल न काढता फक्त बीअर बनवायची आणि केग, म्हणजे बीअरची पिंपं, भरून दुसऱ्यांच्या बारला द्यायची. गेटवे ब्रुइंगने २०१४ ला डोंबिवलीत हेच केलं, मुंबईच्या बऱ्याच बारमध्ये त्यांचा नळ होता. पुण्यात नकुल भोसलेंच्या ग्रेट स्टेट एलवर्क्सने ज्वारी, बाजरी, कोकम असलं आपलं काही काही बीअरमध्ये घालून बघितलं. माझ्या मते खरी ब्रुअरी ही, कारण इथे गिऱ्हाईक गच्ची बघून येत नाही, चव आवडली तरच दुसऱ्यांदा नळ उघडतो. आणि नेमका हाच प्रकार सगळ्यात जास्त मार खातो.

का ते सांगतो. स्टीलचा केग महाग असतो आणि एक केग बारमध्ये भरलेला, एक वाटेत, एक धुवायला, असे एका नळामागे तीन-चार केग फिरते ठेवावे लागतात. बीअर पाश्चराइज केलेली नसते, फॅक्टरीपासून नळापर्यंत थंड राहिली पाहिजे, मधे कुठे टेम्पो बंद पडला, बारवाल्याने रात्री कोल्ड रूमचं बटण बंद केलं किंवा नळाची लाईन धुतली नाही, की बीअर आंबट आणि शिव्या ब्रुअरीला. वर मोठ्या कंपन्या बारवाल्याला फ्रीज देतात, नळाचा टॉवर देतात, बोर्ड देतात, स्कीम देतात, मग छोट्याला जागा कुठली. आणि उधारी! बारवाला दोन-दोन, तीन-तीन महिने पैसे देत नाही, तो देत नाही म्हणून ब्रुअरी आम्हाला देत नाही, आम्ही स्टीलवाल्याला तोंड लपवत फिरतो. एमएसएमई, म्हणजे छोट्या उद्योगांच्या, कायद्यात ४५ दिवसांत पैसे द्यायचा नियम २००६ पासून आहे, आता तर इन्कम टॅक्समध्ये मुदतीत पैसे दिले नाहीत तर देईपर्यंत तो खर्च धरता येत नाही अशी मेख पण मारलीये, पण नोटीस पाठवली की पुढची ऑर्डर दुसरीकडे जाते, म्हणून कोणी पाठवत नाही. मी पण नाही पाठवली.

तिसरा रस्ता बाटली-कॅनचा, देशभर विकायचं, गुंतवणूकदार आणायचे. त्याचं काय होऊ शकतं ते बिरा ९१ कडे बघून कळतं. २०१५ ला सुरू झाली, सुरुवातीला माल बेल्जियममध्ये बनायचा, ते माकडाचं चित्र गल्लीगल्लीत पोचलं. आणि पुढे शेअर बाजारात यायची तयारी म्हणून कंपनीच्या नावातला "प्रायव्हेट" शब्द काढला तर राज्याराज्यात लेबलं नव्याने रजिस्टर करायची वेळ आली, काही महिने विक्री अडली, तयार माल पडून राहिला. २०२३-२४ चा तोटा ७४८ कोटी, म्हणजे विक्रीपेक्षाही जास्त! एका शब्दापायी एवढं सगळं झालं असं मी म्हणत नाही, खर्च आधीपासूनच सुटलेला होता, पण आपल्याकडे दारूच्या बाबतीत प्रत्येक राज्य म्हणजे वेगळा देश आहे, वेगळा परवाना, वेगळं लेबल, वेगळा कर, आणि हे ओझं उचलायला मोठ्या कंपनीकडे माणसं असतात, छोट्याकडे एक सीए असतो तोही अर्धा वेळ.

सरकारचं धोरण म्हणजे तर कोडंच आहे. नोव्हेंबर २०२३ पासून बारमधल्या दारूवरचा व्हॅट ५ चा १० टक्के केला. त्याच्या थोडंच आधी, ऑक्टोबरमध्ये, बीअरवरचं शुल्क वाढवल्यावर विक्री घटली म्हणून विचार करायला सरकारनेच समिती नेमली होती. जून २०२५ ला भारतात बनणाऱ्या विदेशी मद्याचं (व्हिस्की, रम वगैरे) शुल्क उत्पादन खर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट केलं, त्यात बीअर आणि वाईन वगळली, चला बरं झालं, पण १४ जुलैला राज्यभर बारवाल्यांनी बंद पाळला तेव्हा केगवाल्यांचा माल पण तसाच पडून राहिला. मे २०२४ च्या कल्याणीनगरच्या अपघातानंतर पुण्यात पब आणि रूफटॉपवर धडाधड कारवाई झाली, काही ठिकाणी व्हायलाच पाहिजे होती, अल्पवयीन पोरांना दारू देणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. पण ब्रूपबला सील लागलं की बाटल्यांसारखा माल गोडाऊनमध्ये वाट बघत बसत नाही, टाकीतली बीअर मरते. हे कुठल्याच नियमात धरलेलं नाही.

आता तुलना वाईनशी करतो म्हणजे बोलणं कळेल. २००१ ला राज्याने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, महाराष्ट्रातल्या द्राक्षाच्या वाईनला उत्पादन शुल्कात माफी दिली, नाशिकला वाईनरी उभ्या राहिल्या, आज लोक सहलीला जातात, वाईनरीतच चाखतात, तिथनंच बाटली घेऊन घरी येतात. २०२२ ला सुपरमार्केटात वाईन विकायचा निर्णय मात्र गाजला आणि बारगळला, ते असो. मुद्दा एवढाच की वाईनवाल्याला शेताच्या बांधावर गिऱ्हाईक भेटतं आणि त्यासाठी त्याला कोरेगाव पार्कात पाच हजार स्क्वेअर फूट भाड्याने घ्यावे लागत नाहीत. बीअरवाल्याला तसं एमआयडीसीतल्या शेडच्या गेटवर थेट विकू द्या की, तिथलं भाडं कितीतरी कमी असतं. २०२० ला कोविडमध्ये ग्राउलरमधून, म्हणजे घट्ट झाकणाच्या मोठ्या बाटलीतून, ताजी बीअर घरी न्यायला परवानगी दिली तेव्हा आभाळ कोसळलं नव्हतं. आणि शुल्काच्या पायऱ्या करा, इंग्लंडमध्ये २००२ पासून छोट्या ब्रुअरीला वर्षाला ५,००० हेक्टोलिटर, म्हणजे पाच लाख लिटरपर्यंत निम्मं शुल्क होतं, त्यानंतर तिकडे गावोगाव ब्रुअरी निघाल्या. आता ती पद्धत बदललीये पण छोट्याला सवलत आहेच.

ह्यात शेतकऱ्याचं काय, असं कोणी विचारेल म्हणून लिहितो. आज माल्टची जव येते राजस्थान, हरियाणाकडून, महाराष्ट्राच्या शेतकऱ्याला क्राफ्ट बीअरमधनं फारसं काही मिळत नाही. फक्त गोठेवाल्याला रस काढून उरलेला माल्टचा ओला चोथा मिळतो. ब्रू झाल्या झाल्या टेम्पो लावून ड्रम उचलतो तो, उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत राहिला तर आंबून वास सुटतो आणि शेजारचे युनिटवाले भांडायला येतात. पण ज्वारी वापरता येते, ह्यात नवीन काही नाही. नायजेरियाने १९८८ ला जव आणि माल्टची आयात बंद केली तर तिथल्या मोठमोठ्या ब्रुअरी ज्वारीवर गेल्या, गिनेससुद्धा. अडचणी आहेत, ज्वारीला जवासारखं टरफल नसतं त्यामुळे गाळताना तळाला लगदा बसतो आणि रस खाली उतरत नाही, शिवाय तिचा स्टार्च सुटायला जास्त उष्णता लागते, म्हणजे वेगळं कुकर भांडं पाहिजे. तसं भांडं आम्ही बनवू शकतो, एकाने चौकशी पण केली होती, पण मग त्यालाच प्रश्न पडला की एवढा खर्च करून ज्वारीची बीअर केली तर सरकार काय सवलत देणार, द्राक्षाला दिली तशी? उत्तर मिळालं नाही, त्याने पुढच्या आठवड्यात पिझ्झा ओव्हन घेतला.

दारू वाढेल असं म्हणणाऱ्यांशी माझं भांडण नाही, आमच्या घरात पण दोन मतं आहेत. महाराष्ट्रात बीअरला वय २१ आहे, परवाना लागतो, ते तपासा, कडक तपासा, गेटवर विक्री दिली तर संध्याकाळी आठला शटर खाली करायला लावा, तिथे बसून प्यायला न देता सीलबंदच द्या हवं तर. पण ज्याला बीअर चांगली बनवता येते त्याला जगायचं असेल तर आधी हॉटेल काढावं लागतं, ही आजची गत आहे, आणि दोन-चार वर्षांत भाडं परवडलं नाही की त्याच टाक्या परत आमच्याकडे सेकंड हँड विकायला येतात. सध्या आमच्या शेडमध्ये अशा चार उभ्या आहेत, ५०० लिटरच्या, पुढून आरशासारख्या. कुणा डेअरीवाल्याला पाहिजे असतील तर व्हॉल्व बदलून देऊ.

आपला,
एक वाचक, भोसरी, पुणे