वनमंत्री साहेब, तिलारीच्या हत्तींबद्दल नाशिकहून थोडं लिहितोय

मा. वनमंत्री साहेब, नमस्कार.

मी निफाड तालुक्यातला शेतकरी, द्राक्षं आणि थोडा ऊस. आमच्याकडे हत्ती नाही, बिबट्या आहे. तरी हत्तींबद्दल लिहितोय कारण माझा धाकटा भाऊ झेडपी शिक्षक आहे आणि नोकरी सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात, तिलारी धरणाच्या भागात. मे महिन्यात त्याच्याकडे गेलो होतो, रात्री दीडला शेजाऱ्यांचा फोन, "हत्ती इलो, भायर येव नकात". सकाळी बघतो तर सहा माड आडवे. अख्खं झाड पाडून शेंड्याचा पांढरा कोवळा गाभा तेवढा खाल्लेला, बाकी सगळं तसंच पडलेलं. ज्यांचे माड त्या घरचे आजोबा एका बुंध्यावर हात ठेवून बसले होते, बोलले काहीच नाहीत. माड धरायला सहा-सात वर्षं जातात साहेब. गारपिटीत माझी बाग झोपली तेव्हा मीपण असाच बसलो होतो.

तिथले लोक म्हणतात हत्ती पकडा आणि न्या. त्यांना मी चूक म्हणणार नाही, एप्रिल २०२५ मध्ये त्याच तालुक्यातल्या मोर्ल्यात हत्तीमुळे शेतकऱ्याचा जीव गेलाय.

पण पकडून नेल्यावर काय होतं ते आम्ही बघितलंय. आमच्या शिवारात पिंजरा लावला, बिबट्या अडकला, लोकांनी व्हिडिओ काढले, गाडी गेली. दोन महिन्यांत बांधावर परत ठसे. ऊस तिथेच, कुत्री तिथेच, मोकळी झालेली जागा दुसऱ्याने धरली. जुन्नरला २००१ नंतर बिबटे धरून दुसरीकडे सोडले तर माणसांवरचे हल्ले उलटे वाढले.

हत्तीचं तर अजून अवघड. श्रीलंकेत गळ्यात माग काढायचा पट्टा (कॉलर) लावून लांबच्या जंगलात सोडलेल्या नरांपैकी काही परत फिरले आणि काही नव्याच गावांत घुसले. साउथ आफ्रिकेत क्रुगर नॅशनल पार्कमध्ये संख्या आटोक्यात ठेवायला १९६७ ते १९९४ हजारो हत्ती मारले, अनाथ पिल्लं पिलानेसबर्ग या दुसऱ्या पार्कात नेली, तिथे त्यातले नर वयात आल्यावर गेंडे मारायला लागले. शेवटी १९९८ मध्ये मोठे नर आणून सोडले तेव्हा ते थांबलं. वळण लावायला थोरलं कोणी नव्हतं, दुसरं काय. नंतर क्रुगरवाल्यांनी बोअरचे पाणवठे बंद करत आणले, म्हणजे पाणी हलवलं की हत्ती आपोआप हलतो, हे त्यांना एवढे हत्ती मारल्यावर कळलं.

आता तिलारी बघा. २०२० मध्ये संवर्धन राखीव (म्हणजे वन्यजीवांसाठी राखलेलं जंगल) जाहीर केलं, २९.५३ चौरस किलोमीटर. एका मोठ्या हत्तीला दिवसाला दीडशे किलोच्या आसपास चारा लागतो. वर धरणाचं बारमाही पाणी, खाली केळी आणि माड, मग तो त्या रेषेच्या आत कशाला थांबेल? हे हत्ती २००२ च्या सुमारास कर्नाटकातून आले, त्यांची वाट तीन राज्यांतून जाते, म्हणून कर्नाटक आणि गोव्याला सोबत घेऊन तो पट्टा मोकळा ठेवायला लागेल, एकट्या सिंधुदुर्गच्या वनखात्याचं ते काम नाही.

तमिळनाडूत वालपराईच्या चहामळ्यांत हत्ती जवळ आला की लोकांच्या मोबाईलवर मेसेज जातो आणि वस्तीजवळचा लाल दिवा लागतो. दोडामार्गला आत्ता शेजारी शेजाऱ्याला फोन करतो तेवढंच. तो दिवा आधी लावा. हत्ती हाकायला जी पोरं रात्रभर फिरतात त्यांना कायम पगार द्या. आणि भरपाई पंचनाम्यानंतर महिन्याभरात खात्यात यावी. माझं वासरू बिबट्याने नेलं तेव्हा एका ऑफिसला नऊ चकरा झाल्या, दर वेळी एक नवा कागद, अशाने चांगला माणूसपण जनावराच्या विरोधात जातो.

मागच्या ऊसतोडीत आमच्या फडात बिबट्याची तीन पिल्लं सापडली. तुमच्याच खात्याच्या पोरांनी ती क्रेटमध्ये घालून जागेवरच ठेवली, कॅमेरा लावला, तोडणी थांबवली आणि लांब अंधारात बसून राहिली, पहाटेपर्यंत आई एकेक करून तिन्ही घेऊन गेली. एवढं कळणारी माणसं तुमच्याकडे आहेत साहेब. काहीही ठरवायच्या आधी एक रात्र दोडामार्गला मुक्कामाला या, भावाच्या घरी सोय करतो.

आपला,
निफाडचा एक शेतकरी