सदा, बाबांच्या फ्लॉप्या टाकू नकोस

फोंडा, गोवा
२ जुलै

प्रिय सदा,

सप्रेम नमस्कार.

बाबांच्या कपाटात फ्लॉप्यांचा डबा सापडला आणि तू तो भंगारात द्यायच्या विचारात आहेस, हे फोनवर ऐकलं तेव्हापासून मनाला स्वस्थता नाही. देऊ नकोस. मानशीवर, म्हणजे खाडीचं पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दारावर बसून बाबांनी भरती-ओहोटीच्या वेळा वहीत टिपायच्या आणि शाळा सुटल्यावर तू त्या कॉम्प्युटरवर चढवायच्या, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. वह्या वाळवीने खाल्ल्या असं तूच म्हणालास. म्हणजे चोडण बेटावरच्या त्या खाजनाच्या, बांध घालून खाडीपासून राखलेल्या शेतजमिनीच्या, पाण्याचा हिशेब आता असलाच तर त्या डब्यातच आहे.

आणि तो वाचणारं यंत्र माझ्याकडे चालू स्थितीत आहे. बीबीसी मायक्रो हा जुना कॉम्प्युटर, आपल्या वर्गात होता तसाच. १९८४ साली शाळांत कॉम्प्युटर शिकवण्याची केंद्र सरकारची ‘क्लास’ योजना निघाली आणि तिच्यातून ही यंत्रं देशभरच्या शाळांत पोचली, आठवतं ना? मेमरी फक्त ३२ केबी. सव्वापाच इंची फ्लॉपीच्या एका बाजूवर ४० ट्रॅक म्हणजे गोल पट्टे, दर ट्रॅकमध्ये १० सेक्टर म्हणजे तुकडे, दर सेक्टरमध्ये २५६ बाइट. सगळे मिळून १०० केबी. एका बाजूला ३१ फायलींपेक्षा जास्त जागा नाही. फाइल वाढवावी तर पुढे दुसरी चिकटून बसलेली, मग ‘स्टार कॉम्पॅक्ट’ हा हुकूम देऊन सगळ्या फायली सुरुवातीकडे सरकवायच्या, म्हणजे मोकळी जागा शेवटी एकत्र यायची. तेवढ्यात मेमरीतला प्रोग्राम पुसला जायचा, म्हणून तू आधी सेव्ह करायला कधी विसरत नसायचास.

फ्लॉपी फिरवून वाचणाऱ्या ड्राइव्हचं काम मी मनापासून केलंय. जुना बेल्ट सैल पडला होता, तो बदलला. मग वेग. डिस्क मिनिटाला बरोबर ३०० फेरे फिरली पाहिजे. ड्राइव्ह उलटी केली की चाकावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची दोन वर्तुळं दिसतात, एक ५० सायकलच्या विजेसाठी, दुसरं ६० च्या. आपली वीज ५० ची, म्हणजे ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. त्या उजेडात चाक पाहत बारीक स्क्रू फिरवायचा. वेग कमी-जास्त असेल तर पट्ट्या हळूहळू मागेपुढे सरकताना दिसतात. वेग जुळला की फिरत्या चाकावर त्या जागच्या जागी थांबतात. इलेक्ट्रॉनिक चोकच्या उजेडात हे साधत नाही. म्हणून जुना, जड चोक शोधून मुद्दाम एक ट्यूब बसवून घेतली. सदा, पट्ट्या स्थिर झाल्या तेव्हा जो आनंद झाला तो तुलाच कळेल.

आता मुख्य भीती सांगतो: बुरशी. गोव्याचा पाऊस चामड्याच्या चपलेला सोडत नाही, तो फ्लॉपीला काय सोडणार! फ्लॉपी ड्राइव्हचं हेड, म्हणजे वाचणारा-लिहिणारा भाग, डिस्कला टेकून चालतं. बुरशी आली असेल तर ती हेडला माखते, पहिल्या डिस्कचा थर खरवडला जातो आणि तीच घाण पुढच्या डिस्कलाही ओरखडे पाडते. स्क्रीनवर ‘डिस्क फॉल्ट १८’ येतो, म्हणजे सेक्टर सापडला नाही. तोवर नुकसान होऊन गेलेलं असतं. म्हणून बाबांची एकही फ्लॉपी मी तपासल्याशिवाय आत घालणार नाही. दिव्याखाली धरून, पाकिटाच्या खिडकीतून दिसणारा चकतीचा भाग हाताने हळूहळू फिरवत पाहायचा. पांढुरके ठिपके किंवा धूसर कडी दिसली तर पाकिटाची कड कापून चकती बाहेर काढायची, डिस्टिल्ड वॉटरने धुवायची, सावलीत सुकवायची आणि नव्या पाकिटात घालायची. वाचून झालं की दरवेळी हेड आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसायचं.

त्या फ्लॉप्यांवर मी काहीही लिहिणार नाही, हा शब्द देतो. कडेच्या खाचेवर चिकटपट्टी लावूनच त्या आत जातील, म्हणजे ड्राइव्हला लिहिताच येणार नाही. माझी ड्राइव्ह ८० ट्रॅकची आहे, बटण दाबलं की ४० चे वाचते. पण तिचं हेड अरुंद, जुन्या रुंद ट्रॅकवर तिने लिहिलं तर कडेला जुनं उरतं आणि ४० च्या ड्राइव्हला मग धड काहीच वाचता येत नाही. शिवाय या दिवसांत लाइट केव्हा जाईल त्याचा नेम नाही. मशीन चालू-बंद होताना फ्लॉपी आत राहिली तर बिघडू शकते, म्हणून मी ती वाचनापुरतीच आत ठेवतो. वाचलेलं लगेच सीरियल केबलने आजच्या कॉम्प्युटरवर घेतो.

चवथीला येशील तेव्हा डबा घेऊनच ये. तोवर सिलिका जेलच्या पुड्या घालून हवाबंद डब्यात उभ्या ठेव. उन्हात मुळीच नको. चकतीला बोट लावू नकोस आणि लेबलं काढू नकोस, तारखा असतील तर त्यांवरच असतील. स्पीकरजवळ ठेवू नकोस. फेरीबोटीत गर्दी असते, पिशवी मांडीवरच धर, दाबली जाऊन घडी पडता कामा नये. आणि बाबा मानस कोणत्या खुणेपर्यंत पाणी आलं की बंद करायचे हे तुला आठवत असेल तर कागदावर लिहून आण. आकडे निघाले तरी त्यांचा अर्थ लावायला ते लागेल.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
दिनू